मी न बोललेली अकरा पानं

सोलापूरहून परत आले तेव्हा टाकीवर पाण्याला आलेल्या बायकांनी गाठलं. देवळात गेलीस का, तळं बघितलंस का, चादर आणलीस का. मी म्हटलं, मी काही बघायला गेले नव्हते, तिथल्या लोकांना मला बघायचं होतं. विद्यापीठातल्या लोकांना तपासायचं होतं की मी खरंच आहे का, आणि माझ्या नावावर जे छापलंय ते मी खरंच बोलले का. बायका हसल्या. नीट सांग म्हणाल्या. पण टाकीवर नीट सांगता येत नाही, हंडा भरला की बाई निघते. म्हणून लिहून काढलं. मी चौथी शिकलेली आहे. शुद्धलेखन शेजारच्या मास्तरीणबाईंनी तपासलं आहे. मजकुराला हात लावू दिला नाही.

आधीचं थोडं

थंडीत एक पोरगी माझ्याकडं आली होती. शिवलीला नाव. अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, सोलापूरला विद्यापीठात एमए करणारी. तिला शेवटच्या वर्षी एक मोठा निबंध लिहायचा होता, त्याला ते लघुप्रबंध म्हणतात. विषय होता पेवं.

आता पेव म्हणजे काय ते नव्या लोकांना सांगावं लागतं. आमच्या बार्शी तालुक्यात पूर्वी ज्वारी जमिनीखाली ठेवत. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत खड्डा खणायचा, तोंड एक माणूस मावेल एवढं, खाली पोट खोलीएवढं. आत कडब्याचं अस्तर. ज्वारी भरली की वर दगड आणि माती. वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. आता सगळी बुजली. माझं पेव होतं तिथं आता ग्रामपंचायतीनं बांधलेली शाळेची मुतारी आहे.

पेव उघडायचा एक नियम होता. दगड काढला की लगेच आत उतरायचं नाही. कोंडलेल्या धान्याची वाफ विषारी असते. एक दिवस नुसतं उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर आणखी थांबायचं. जळत राहिला तर उतरायचं, तेही कमरेला दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक धरून वर एक माणूस उभा पाहिजे.

हे सगळं मी शिवलीलाला दोन दिवस सांगितलं. ती मला अज्जी म्हणायची. मोबाईल मध्ये ठेवून माझं बोलणं त्यात भरून घेत होती. पोरगी ऐकायची चांगली. मध्ये बोलायची नाही. माझा मुलगा पुण्याला आहे, तो रविवारी फोन करतो आणि मी बोलत असताना गाडीचा हॉर्न वाजवतो. त्यामुळं दोन दिवस कुणी समोर बसून ऐकतंय, हे मला जरा जड गेलं आणि मग सवय झाली.

दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "अज्जी, उद्या घरचं विचारते. तुमच्या पेवात कधी काही झालं का, ते."

मी म्हटलं, "ये. सांगते."

मला एक गोष्ट सांगायची होती. ती मी मुलाला सांगितलेली नाही, भावाला नाही. ही पोरगी परकी होती, म्हणून तिला सांगता आली असती.

तिसऱ्या दिवशी मी दोघींचं पीठ मळलं. शेंगांची चटणी कुटली. दुपारची एसटी आली, दोन माणसं आणि एक शेळी उतरली. ती उतरली नाही. संध्याकाळची आली, त्यातूनही नाही. त्या भाकऱ्या मी दोन दिवस खाल्ल्या. तिचा फोन आला नाही. मी केला नाही. ज्याला यायचं नाही त्याला विचारून काय होतं.

मग उन्हाळ्यात फोन आला. "अज्जी, दोन दिवस सोलापूरला यावं लागतंय. विद्यापीठात तुमची सही पाहिजे."

"कशावर?"

"तुमी जे बोललात त्यावर."

मी म्हटलं, येते. घरात दुसरं काय होतं.

सोमवार, सोलापूर

पंच्याहत्तरी झाली की एसटी फुकट आहे. बार्शीला कंडक्टरनं माझं आधार कार्ड मागितलं. कार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत कार्डाकडं बघितलं.

"मावशी, ह्यातली तुमीच का?"

"मग काय माझी सवत?"

बाजूच्या सीटवरचे लोक हसले. तो म्हणाला, "तसं न्हाय, फोटोत लई तरण्या दिसताय." फोटो काढून आठ-नऊ वर्षं झाली असतील. तेवढ्यात माणूस ओळखू येईनासा होतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात मोठा आरसा नाही.

सोलापूर स्टँडवर उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. शिवलीला आली होती. पाया पडली, माझी पिशवी घेतली, पण माझ्याकडं सरळ बघत नव्हती. थंडीत आली तेव्हा सारखी बडबडायची. आता रिक्षात गप्प. मी विचारलं, "आजारी हायस का?" म्हणाली, "न्हाय अज्जी, परीक्षेचं टेन्शन."

ती शहराच्या पूर्वेकडं एका तेलुगू बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. बाईंचं नाव नरसम्मा. खाली टॉवेलचे चार माग आहेत. मागांचा आवाज सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मला आधी वाटलं डोकं उठेल. पण तासाभरात तो आवाज ऐकूच येईना, आणि जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तेव्हा मी दचकले. आमच्याकडं उलटं आहे. आमच्याकडं गप्प असतं आणि आवाज झाला की दचकतो.

नरसम्मा माझ्याच वयाच्या. नवरा मागावर काम करायचा, आता नाही. त्या खुर्चीवर बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. त्या हाताकडं बघत नव्हत्या, हात आपोआप चालले होते. मला विचारलं, "किती पोरं?"

"एक. पुण्याला."

"माझे तीन. दोन भिवंडी, एक सुरत." विडीला दोरा बांधून म्हणाल्या, "येतात. लग्न असलं की येतात."

मी सुपातली पानं एकसारखी करून त्यांच्यापुढं ठेवत गेले.

जेवायला शेंगांची चटणी, दही आणि पाकिटातली कडक भाकरी. भाकरी पाकिटात घालून विकतात हे ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदा. पापडासारखी पातळ, मोडली की काडी मोडल्यासारखा आवाज. चवीला वाईट नाही. पण माझे दात पुढचे चारच आहेत. मी ती दह्यात बुडवून ठेवली आणि मऊ व्हायची वाट बघत बसले. नरसम्मा म्हणाल्या, "ही महिनाभर टिकती." मी म्हटलं, "टिकून काय करायची, खाता येत न्हाय." त्या पहिल्यांदा हसल्या.

जेवण झाल्यावर शिवलीलानं काळ्या पुठ्ठ्यात बांधलेलं पुस्तक आणलं. आत माझं नाव होतं. वयही होतं, ते तिनं अंदाजानं घातलं होतं, दोन वर्षांनी कमी.

म्हणाली, "अज्जी, वाचत बसू नका, लई मोठं हाय. शेवटच्या पानावर सही तेवढी करा."

मी म्हटलं, "सही माझी, मग वाचणारी पण मीच."

ती खाली नळावर गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

मी बोट ठेवून वाचते, त्यामुळं हळू होतं. पहिल्या दिवसाची मुलाखत, दुसऱ्या दिवसाची मुलाखत. सगळं बरोबर होतं. कंदिलाचा नियम होता. मी सरपंचाला दिलेली शिवीसुद्धा होती, तिच्या जागी टिंबं घातली होती, पण कळत होती. वाचताना बरं वाटलं. आपलं बोलणं कागदावर शहाण्यासारखं दिसतं.

मग तिसऱ्या दिवसाची मुलाखत सुरू झाली. अकरा पानं.

मला वाटलं माझीच काही चूक होतेय. म्हातारपणी विसरायला होतं. आली असेल ती, मीच विसरले असेन. असं मला खरंच वाटलं, आणि त्या दोन मिनिटांत जेवढी भीती वाटली तेवढी या सगळ्या प्रवासात दुसऱ्या कशाची वाटली नाही. मग पुढं वाचलं. त्यात मी म्हणत होते, "पेव उघडलं की आठवणींचा सुगंध दरवळायचा."

उघडलेल्या पेवाला आंबूस वास येतो, डोकं धरतं. आणि दरवळणं हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही. मग माझी भीती गेली.

ती कागदावरची बाई दर दोन ओळींनी डोळे पुसत होती. तिला काळी आई, मायेची सावली, असलं सगळं सुचत होतं. दिवाळीला तिची पोरं येत होती, सुना पाया चेपत होत्या, नातवंडं तिच्याभोवती गोल करून बसत होती आणि ती त्यांना पेवाच्या गोष्टी सांगत होती. खरं सांगायचं तर ती बाई मला बरी वाटली. तिच्याकडं माणसं येत होती.

पण नवव्या पानावर तिनं असं म्हटलं होतं: "देवाच्या कृपेनं आमच्या पेवात कधी कुणाला काही झालं नाही. घाई असली तर आम्ही त्याच दिवशीही उतरायचो."

मी पुस्तक मिटलं.

शिवलीला वर आली तेव्हा मी विचारलं, "ही कोण बाई हाय?"

ती दारातच बसली. पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "अज्जी, त्या दिवशी माझी बस चुकली. दुसऱ्या दिवशी येणार होते, तर इकडं तास बुडत होते. मग सबमिशनची तारीख जवळ आली. आमच्या मोबाईलवर एआय असतंय. चॅटबॉट. आपण विचारायचं, ते उत्तर देतंय."

"माहीत हाय. टीव्हीत बघितलंय."

"मी दोन दिवसांचं तुमचं बोलणं सगळं त्यात घातलं. आधी नुसतं विचारलं, तिसऱ्या दिवशी काय काय विचारू. त्यानं प्रश्न दिले, चांगले दिले. मग मी म्हटलं, अज्जी काय उत्तर देतील ते पण लिही." थोडं थांबून म्हणाली, "ते तुमच्यासारखंच वाटलं मला."

"माझ्यासारखं? कुटं? रडताना बघितलंस का मला?"

"न्हाय."

"मग?"

"आज्ज्या तसं बोलतात असं वाटलं."

दोन दिवस ती माझ्यासमोर बसली होती.

मग तिनं बाकीचं सांगितलं. विद्यापीठाचा नियम आहे की मुलाखत घेतली तर तिचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं आणि एआय कुठं वापरलं ते पुस्तकाच्या सुरुवातीला लिहायचं. तिनं लिहिलं नव्हतं. तिच्या मॅडमनी तिसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा मोबाईल बिघडला म्हणाली. मॅडम म्हणाल्या, मग त्या आजींनाच बोलवा, त्यांनी सांगितलं की हे माझं बोलणं आहे, की झालं.

"तुमी व्हय म्हणा अज्जी. एवढंच. जूनपासून अक्कलकोटला ज्युनियर कॉलेजात तासावर नोकरी ठरलीय माझी. एमएचा कागद दाखवावा लागतोय. अप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

तेवढ्यात तिच्या बापाचाच फोन आला. ती कानडीत बोलत होती. मला कानडी कळत नाही, पण 'जून' कळलं, दोनदा आलं. बापाशी बोलताना ती हसत होती. डोळे हसत नव्हते.

फोन ठेवून ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी म्हटलं, "दिवा लाव. अंधार झालाय."

मंगळवार, विद्यापीठ

विद्यापीठ शहराबाहेर माळावर आहे. इमारती मोठ्या आणि एकमेकींपासून लांब लांब, जणू भांडण झालंय. आमच्या गावात कुणी उन्हात एवढं लांब घर बांधलं तर त्याला वेड्यात काढतील. फाटकापासून विभागापर्यंत चालताना माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. शिवलीलानं आपल्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. मी घातल्या नाहीत. माझी तुटकी हातात घेतली आणि एक पाय अनवाणी असं चालत गेले. जमीन तव्यासारखी होती. ती पण चपला हातात घेऊन माझ्या बाजूनं अनवाणी चालली. मी म्हटलं, "घाल की. दोघी भाजून काय मिळणार हाय?" तरी तिनं घातल्या नाहीत.

खोलीत तिघं होते. शिवलीलाच्या मॅडम, विभागाचे एक मोठे सर आणि बाहेरच्या कॉलेजातून आलेले दुसरे सर. मॅडमनी माझ्या हातातली चप्पल बघितली, काही विचारलं नाही, शिपायाला बोलावून ती शिवायला पाठवली. बाई कामाची आहे हे तेव्हाच कळलं.

मला थंड पाणी दिलं. माझं बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का, हे विचारलं. मी हो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. तुमची परीक्षा नाही."

"मला ठाऊक हाय कुणाची हाय ती."

मोठे सर हसले. शिवलीला भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून.

मी म्हटलं, "आधी मला एक विचारायचं हाय. ते एआय का काय, ते तुमी सोता वापरता का?"

मॅडम म्हणाल्या, "वापरते की. मुलांसाठी प्रश्न काढते. इंग्रजी पुस्तकातलं अवघड वाक्य सोपं करून घेते. मुलांनाही वापरा म्हणून सांगते. फक्त त्यानं दिलेलं तपासून घ्यायचं आणि वापरलं तिथं तसं लिहायचं. लपवायचं नाही."

"मग आत्ता त्याला विचारा. पेव उघडलं की किती वेळानं उतरायचं?"

मॅडमनी मोबाईलवर विचारलं आणि उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की लगेच उतरू नये, बंद जागेत विषारी हवा साठते, जीव जाऊ शकतो, हवा खेळू द्यावी, जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय उतरूच नये. सगळं बरोबर. मी बघतच राहिले.

"एवढं त्याला कळतंय. मग ह्या पुस्तकात माझ्या तोंडी उलटं कसं घातलं त्यानं?"

मॅडमनी शिवलीलाकडं बघितलं. पुस्तक आणि मोबाईल यांचा काय संबंध ते त्यांना कळलं असावं, किंवा आधीच कळलेलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला तेव्हा खरं काय ते विचारलं नसेल, आजी. आजींसारखं बोल असं सांगितलं असेल. मग ते आजींसारखं बोललं."

मी जे सांगायचं नव्हतं ते अर्धं सांगून बसले होते. शिवलीलानं डोळे मिटले होते.

मोठ्या सरांनी पुस्तक माझ्यापुढं उघडून ठेवलं. "आजी, सरळ विचारतो. तिसऱ्या दिवसाची ही पानं तुमच्या बोलण्याची आहेत का?"

आता हो म्हणणं सोपं होतं. मला कोण काय करणार होतं? माझ्या नावावर एक बरी, रडकी बाई पुस्तकात बसली असती, शिवलीला जूनमध्ये पोरांना शिकवायला गेली असती, आणि ते पुस्तक कपाटात गेलं असतं. हे सगळं मी आदल्या संध्याकाळी नरसम्मांच्या गच्चीवर बसून ठरवलं होतं. हो म्हणायचं आणि घरी जायचं, असंच ठरवलं होतं. पण नववं पान उघडं होतं.

मी म्हटलं, "पहिले दोन दिवस माझे. तिसरा न्हाय. तिसऱ्या दिवशी ही आलीच न्हाय. मी दोघींचा सैपाक करून बसले होते."

बाहेरचे सर म्हणाले, "पण मजकुरात काही चुकीचं आहे का? की फक्त तुम्ही बोलला नाहीत एवढंच?"

मी नवव्या पानावर बोट ठेवलं. "हे वाचा."

त्यांनी वाचलं. आमच्या पेवात कधी कुणाला काही झालं नाही.

"माझा नवरा त्यात गेला," मी म्हटलं.

बाहेरचे सर पुस्तक हातात धरून तसेच बसले. मॅडमनी मोबाईल माझ्याजवळ सरकवला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. आम्ही नोंद करून घेऊ."

"हितं न्हाय. ते मी हिला सांगणार होते."

त्यांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं. बाकावर बसलो तर शिवलीला म्हणाली, "मला ठाऊक न्हवतं अज्जी." मी म्हटलं, "ठाऊक कसं असणार? सांगितलं न्हवतं."

अर्ध्या तासानं आत बोलावलं. अकरा पानं काढायची. मुलाखत खरी घ्यायची, मी तयार असेन तर. एआयचा वापर कुठं केला, काय चुकलं, ते पुस्तकाच्या सुरुवातीला स्वतःच्या शब्दांत लिहायचं. परीक्षा पुढच्या सत्रात. मॅडम म्हणाल्या, "यापेक्षा कडक होऊ शकलं असतं, शिवलीला." शिवलीलानं मान हलवली. पुढचं सत्र म्हणजे दिवाळीच्या पुढं. जून गेला.

शिपायानं माझी चप्पल आणून दिली. अंगठा चांगला घट्ट शिवला होता. पैसे विचारले तर मॅडमनी दिले म्हणाला.

मंगळवार दुपार, परत

नरसम्मांकडं पिशवी घ्यायला गेलो तर त्यांनी मला दोन टॉवेल दिले, खाली विणलेले. "परत या," म्हणाल्या. आम्हा दोघींना माहीत होतं की मी परत जाणार नाही. कडक भाकरीचं पाकीटही पिशवीत टाकलं. मी नको म्हटलं नाही.

स्टँडवर शिवलीलानं मला बार्शीच्या गाडीत बसवलं. खिडकीपाशी उभी राहिली. मला वाटलं आता काही बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "पाण्याची बाटली हाय का?" मी हो म्हटलं. ती वळली आणि गेली. गाडी सुटेपर्यंत थांबली नाही.

मी खरं बोलले याचं मला काही विशेष वाटलं नाही. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मी वैरागला उतरून चहा घेतला आणि परत येऊन बसले, हलकं काही झालं नव्हतं. एक मात्र सारखं मनात येत होतं. त्या यंत्रावर मला राग नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. वर दोर धरून कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं, ती पोरगी दोर सोडून गेली होती. आणि दोर सोडणाऱ्याला बोलायचा मला किती हक्क आहे, हे माझं मलाच माहीत होतं.

घरी आले. कुलूप उघडलं. कडक भाकरी दह्यात भिजवली.

नंतरचं

हे सगळं इथंच संपायला हवं होतं, कारण प्रवास संपला. मी सोलापूरचं लिहायला बसले तेव्हा एवढंच लिहिणार होते. पण परवा दुपारच्या एसटीतून शिवलीला उतरली. फोन न करता. पाठीवर पिशवी, तोंड उन्हानं काळं पडलेलं.

दारात उभी राहून म्हणाली, "अप्पा बोलत न्हाईत माझ्याशी. आठ दिवस झाले."

"बोलतील. पाय धू."

पाय धुतले, पाणी प्याली, वहीतलं एक पान काढून मला वाचून दाखवलं. पुस्तकाच्या सुरुवातीला घालायचं होतं ते. त्यात लिहिलं होतं की मी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी गेले नाही, आणि जे ऐकलं नाही ते यंत्राकडून लिहून घेतलं. आणि खाली, की प्रश्न काढायला मदत घेतली ती तेवढी ठेवली आहे. साधं लिहिलं होतं. काही दरवळत नव्हतं.

मी विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"व्हय. चार वेळा खोडून."

मग तिनं मोबाईल काढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला, बटण दाबलं, आणि तिसऱ्या दिवसाचा प्रश्न विचारला. "अज्जी, तुमच्या पेवात काय झालं?"

मी चुलीकडं बघत म्हटलं, "नणंदेला बघायला पावणे येणार होते. घरात ज्वारी संपली होती. त्या सकाळीच पेव उघडलं होतं. माझा नवरा म्हणत होता, उद्या उतरतो. आज म्हणणारी मी होते."

बाहेर एसटी परत जायला वळत होती, तिचा हॉर्न आला. ती त्याच गाडीनं परत जाणार होती, तिनं दारातच तसं सांगितलं होतं. तिनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"पुढं, अज्जी?"

"आज एवढंच उघडलंय. लगेच आत उतरायचं न्हाय. पुढचं उद्या सांगते."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं हात पुढं करून मोबाईल बंद केला आणि पाठीवरची पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली. एसटी गेली. मी परातीत पीठ घेतलं, दोघींचं.